दारं धरणारे दोन धागे

आधीच सांगते, भुताखेतांचं आणि माझं कधी जमलं नाही. लग्न होऊन सणसरला आले तेव्हा ओढ्याकाठच्या चिंचेखाली मुद्दाम केस मोकळे सोडून बसायचे, सासरच्यांचा जीव घाबरा व्हावा म्हणून. आता कवळी लावून नातींना खोट्या भुतांच्या गोष्टी सांगते. पण हे लिहितेय ते त्या खोट्यातलं नाही...

१९९९ चा उन्हाळा. बारामतीत भिगवण रोडला एका रसवंतीच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी तिथली 'मॅडम'. काय तो तोरा! चष्मा डोळ्यांपेक्षा डोक्यावर जास्त, आणि 'लॉजिकली' म्हटल्याशिवाय वाक्य संपायचं नाही. त्यात नवीन खूळ लागलेलं — ओपन सोर्स. म्हणजे परदेशात कुणीतरी जावा भाषेत लायब्ररी, म्हणजे इतरांना आयता वापरता येईल असा प्रोग्रॅमचा भाग, लिहून तिचा कोड सगळ्यांना उघडा ठेवायचा, आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्यांनी टेस्ट लिहून तो तपासायचा, कुठलं फंक्शन काय करतं याचं डॉक्युमेंटेशन करायचं. तेही फुकट. नवरा म्हणायचा, "लोकाच्या रानात खुरपाय जातीस, ते बी बिनपगारी."

माझ्याकडची लायब्ररी कुलपांची होती. प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी दोन कामं चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात — धागे. दोघांना एकच वस्तू हवी असली तर एकानं कुलूप लावून ती वापरायची, मग कुलूप काढायचं. तोवर दुसऱ्यानं थांबायचं. सणसरच्या सुनेला याला दुसरं कुठलं उदाहरण सुचणार? कालव्याचं पाणी! ज्याची पाळी त्यानं दारं धरायचं, म्हणजे आपल्या रानात पाणी घ्यायचं. भिजवून झालं की दारं मोडायचं, म्हणजे पाणी पुढच्याकडे वळवायचं. म्हणून टेस्टमध्ये कुलूप लावण्याला नाव दिलं 'धर' आणि काढण्याला 'मोड'. इंग्रजी अक्षरांत, अर्थात.

धाग्यांची नावं बापू आणि नाना. बापू माझा धाकटा दीर, नाना त्याचा चुलतभाऊ. दोघांचा ऊस एकाच पाटावर, आणि पाळीवरून रोज एकमेकांची आईबहीण काढायचे. केवढा विनोद केलाय असं वाटलं मला! वर एक सोय ठेवली — एखादा धागा कुलूप सोडेचना, तर मी कीबोर्डवरून त्याचं नाव आणि 'मोड' टाकायचं, की त्यानं सोडलंच पाहिजे.

त्या दुपारी सासूबाई डोळे तपासायला बारामतीत आल्या होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. क्लास सुटलेला. त्या शेजारी शेंगा सोलत बसल्या आणि मी टेस्ट चालवली. बापू धर. बापू मोड. नाना धर. नाना मोड...

"काय लिवलंय गं?"

"तुमचा बापू दारं धरतोय."

"त्यो खरंच गेलाय की आज दारं धराय."

मग घोडं अडलं. बापूनं धरलेलं सोडायच्या आतच ओळ आली — नाना धर. परत नाना धर. नाना धर. कुलूप एकाकडे असताना दुसऱ्याला मिळूच शकत नव्हतं. मी खूश! परदेशातल्या शहाण्यांची चूक बारामतीच्या बाईनं पकडली! तेवढ्यात खाली आलं — बापू सोड.

'सोड' हा शब्द माझ्या कोडमध्ये कुठेच नव्हता.

बापू सोड. बापू सोड नाना. बापू सो.

क्लासच्या पोरांचा चावटपणा असणार, असं समजून मी हसत हसत आत्यांना वाचून दाखवलं. त्या ताडकन उठल्या. ओच्यातल्या शेंगा फरशीवर सांडल्या.

"आगं, सोडीव त्याला!"

"आत्या, तो धागा आहे, माणूस नाही."

"धाग्यानं गळा आवळत न्हाय व्हय? सोडीव म्हंते न्हवं!"

त्यांचा चेहरा बघून माझं लॉजिक गळालं. टाईप केलं, नाना मोड. एंटर. उत्तर आलं, नाना धर. परत टाकलं. परत. कीबोर्डवर बुक्क्या घालत मी ओरडले, "सोड की रे मेल्या!" आणि शेवटी एकच ओळ उमटली — नाना मोड. प्रोग्रॅम बंद.

थोड्या वेळानं फोन वाजला. बापूला जीपमध्ये घालून बारामतीला आणत होते.

नानानं मागून फावडं घातलं होतं. बापूचा कान अर्धा लोंबत होता. पालथा पाडून नानानं त्याच्या पाठीत गुडघा रोवला आणि मानगूट धरून तोंड पाटाच्या चिखलात दाबलं. बापू "सोड, नाना, सोड" करत राहिला, गाळ घशात जाईपर्यंत. मग, तो सांगतो, डोक्यामागं काडकन आवाज झाला. ऊस मोडावा तसा. परत एक. परत एक. मानेवरची पकड सुटली आणि नाना गुरासारखा ओरडायला लागला. त्याच्या हाताची बोटं उलटी मागं वळली होती, एकाचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. रानात तिसरं माणूस नव्हतं.

मी लायब्ररीची ओळन् ओळ तपासली. 'सोड' सापडला नाही. परदेशातल्यांना टेस्ट पाठवली. त्यांचं उत्तर आलं, आमच्याकडे नीट चालते. आणि एक गोष्ट मी त्यांना लिहिलीच नाही, कारण इंग्रजीत ती सांगता येईना — पाणी वळवायला आमच्याकडे मोडणं म्हणतात, आणि बोटं मोडायलाही मोडणंच.

बापू वाचला. आठवड्याभरानं मी आणि आत्या नानाला दवाखान्यात बघायला गेलो. हात प्लास्टरमध्ये, दाराशी हवालदार.

"वहिनी, तुमी तितं व्हता का?"

"नाही रे. मी बारामतीत होते."

"मग 'सोड की रे मेल्या' कोन वरडलं?"

मी आत्यांकडे पाहिलं.

"मी सोडणारच व्हतो, वहिनी. निस्तं भ्या दावायचं व्हतं. आईशप्पत, सोडतच व्हतो..." आणि तो भोकाड पसरून रडायला लागला.

बाहेर आल्यावर आत्यांना विचारलं, खरं बोलत असेल का हो?

"सोडणारच व्हता," आत्या पदर खोचत म्हणाल्या, "तर पयल्या बोटालाच का न्हाय सोडलं?"

बोटं मोडणारं कोण होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि नाना सोडणार होता का, तेही.