अनसाआत्याच्या तीन वाटा

मी आज जो काही आहे तो अनसाआत्यामुळे. हे वाक्य शाळेतल्या निबंधासारखं वाटेल, पण मला दुसरं सुचत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो, सोलापुरात एका कचेरीत कारकून म्हणून लागलो, आणि या सगळ्याच्या मुळाशी आत्यानं दिलेली एक सायकल आहे. ती मलाच का मिळाली, हे मात्र अजून कळलेलं नाही. आत्या जाऊन महिना होऊन गेला. लिहिलं तर डोक्यातला गुंता थोडा सुटेल असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो आहे...

बातमी कार्डानं आली, कोपरा फाडलेल्या कार्डानं. आमच्याकडे असं कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेर उभ्यानं वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. मीही तसंच केलं. तुकडे गटारातून वाहून गेल्यावर मनात आलं, आपण नाव नीट वाचलं का? अक्षर गावाकडच्या माझ्या मित्राचं, दत्तूचं होतं एवढं नक्की. पण नाव ‘अनसाआत्या’ असंच होतं ना? दत्तूच्या घरातही म्हातारी माणसं आहेत. खोलीत बसवेना, कुणाला विचारावं तर इथं गावचं कुणी नाही. तसाच स्टँडवर गेलो, मोडनिंबला उतरलो आणि आमच्या आडबाजूच्या गावापर्यंत चालत गेलो. आत्याच्या सायकलच्या दुकानाच्या फळ्या भर दिवसा लावलेल्या दिसल्या, तेव्हा वाचलेलं खरं ठरलं.

आत्या माझ्या नात्यातली नव्हती. ती गावची लेक. मोडनिंबला दिली होती, नवऱ्याचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. नवरा गेला तेव्हा दिरांशी तिचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण एक दिवस ती बैलगाडीत सायकली रचून माहेरी आली. गावची लेक म्हणून आम्ही सगळी पोरं तिला आत्या म्हणायचो, पुढे आमचे बापही म्हणायला लागले. वेशीजवळ पत्र्याचं छप्पर घालून तिनं दुकान मांडलं. पंक्चर स्वतः काढायची. लुगड्याचा काष्टा घट्ट आवळून उकिडवी बसायची, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची आणि बुडबुडा दिसला की त्याला बोट लावून समोरच्याशी गप्पा मारायची. बोट मात्र हलायचं नाही.

तिचं दुःख एकच होतं. सायकली जशा जायच्या तशा परत यायच्या नाहीत. आमच्याकडची वाट म्हणजे मुरूम, ओघळी आणि बाभळीचे काटे. पोरं कुठंतरी आदळायची आणि चाक वाकडं करून आणायची. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. आत्याही त्यावर होती, दुकान बंदच होतं तेव्हा. पुढे पाऊस आला आणि काम अर्धवट राहिलं. एक उंच भराव, त्याच्या पायथ्याला मुरुमाचे ढीग आणि खोल खड्डे, खड्ड्यांत किती खोदलं ते मोजायला मध्ये सोडलेले मातीचे खुंट... गावाला तो सगळा पसारा म्हणजे वाया गेलेली जागा वाटायची. आत्यानं तिथं फावड्यानं तीन वाटा पाडल्या आणि कडेला चुना फासलेले दगड लावले. धाकली, मधली आणि थोरली. धाकली पायथ्याची, सपाट, रुंद वळणांची. नळीखालून पाय घालून सायकल हाणणाऱ्या पोरांपासून साठीच्या तात्यांपर्यंत सगळे त्या वाटेवर शिकले. पोरीसुद्धा शिकल्या, आणि कुणी नाक मुरडलं तर आत्या त्याला पंक्चरच्या रांगेत शेवटी बसवायची. मधली खड्ड्यांतून चढ-उतार करत, मातीच्या खुंटांना वळसे घालत जायची. थोरली थेट भरावाच्या माथ्यावरून सुटायची, तिला दोन आखूड वळणं आणि खाली एक ओघळ होती. ती उडी मारूनच ओलांडावी लागे.

नियम सगळ्यांना पाठ होता. धाकली जमली तर सायकल गावात, मधली जमली तर मळ्यापर्यंत, आणि थोरली जमली तरच सायकल रात्री घरी न्यायची. दुसरा नियम असा की जो जिथं पडेल त्यानं तिथं एक घमेलं मुरूम आणून टाकायचा आणि पायानं दाबायचा. एकदा सरपंचांचा नवा जावई सायकल मागायला आला.

‘मी पुण्यात रोज चालवतो,’ तो म्हणाला.

‘पुन्यात डांबर हाय, पावनं. आदी धाकली मारून दावा.’

जावई दुसऱ्याच वळणावर आडवा झाला. आत्यानं त्याच्या हातात घमेलं दिलं. सरपंच धावत आले. ‘अगं अनसे, जावई हाय त्यो आमचा!’

‘व्हय की. मंग जावई पडला तर भरायचं कुनी, सासऱ्यानं?’

इस्त्रीच्या विजारीतल्या त्या माणसानं मुरूम आणून टाकला. पुढे तो येईल तेव्हा आधी माळावर जायचा. आत्या स्वतः मात्र धाकलीच्या पुढे कधी गेली नाही. ‘माजी इयत्ता तेवडीच,’ म्हणायची.

मी मॅट्रिक झालो तेव्हा मास्तरांनी वडिलांना सांगितलं, पोराला कॉलेजात घाला. कॉलेज कुर्डुवाडीला. मोडनिंबपर्यंत सायकलनं जायचं आणि तिथून छोटी रेल्वे धरायची. म्हणजे सायकल रोजची हवी, रात्री घरी हवी. आत्याकडे अशी महिन्याच्या भाड्यानं द्यायची सायकल एकच होती. आणि ती माझ्या वर्गातल्या दत्तूलाही हवी होती. त्याला कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात रोजंदारीवर घ्यायला ओळखीचा माणूस तयार होता. भोंग्याच्या आत पोचायचं तर भल्या पहाटे निघून थेट सायकलनंच जावं लागणार होतं. एका सायकलीत दोघांचं भागणार नव्हतं. ज्याला सायकल मिळेल तो गावाबाहेर पडणार आणि दुसरा मागे राहणार, हे आम्हा दोघांनाही समजत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही...

दत्तूनं थोरली पहिल्याच दिवशी मारली. माथ्यावरून सुटला, दोन्ही वळणं घेतली, ओघळीवरून उडाला आणि आत्यासमोर येऊन थांबला. मी रोज जायचो आणि रोज पडायचो. ब्रेक दाबायचो, चाक सरकायचं, मी मुरुमात. मग घमेलं. गुडघे सोलले, कोपर सुजलं. शेवटी शेवटी तर पडण्याआधीच, पहिल्या वळणावर भीती वाटली की पाय टेकायचो आणि सायकल खांद्यावर घेऊन चालत खाली यायचो. पोरं ओरडायची, ‘नाम्याची पालखी आली!’ आत्या हसायची नाही. सायकल खांद्यावरून घ्यायची, चाक फिरवून बघायची आणि म्हणायची, ‘उद्या ये.’

कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी मी दुकानावर गेलो तो चालत निघायच्या तयारीनं. आत्यानं सायकल बाहेर काढली आणि हँडल माझ्या हातात दिलं.

‘ने. आठवड्याला तेल पाज तिला.’

‘आत्या, पर थोरली...’

‘गाडी कवाची हाय तुजी?’

‘नऊची.’

‘मंग हितं काय करतोस? निघ की!’

मी निघालो. वाटलं, आत्यानं आपल्यापुरता नियम मोडला. आनंद इतका होता की पुढचं काही मनात आलंच नाही. कॉलेजची सगळी वर्षं ती सायकल माझ्याकडे राहिली. दत्तूला वेळेत दुसरी सोय झाली नाही. कारखान्यातली जागा गेली आणि काही दिवसांनी तो आत्याच्याच दुकानात पंक्चर काढायला बसला. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलायचा. मला त्याचंही आश्चर्य वाटायचं.

त्याच्या तसं बोलण्याचं कारण मला अगदी अलीकडे कळलं. दत्तू दुकानासाठी टायर-ट्यूब न्यायला सोलापूरला आला होता. स्टँडवर चहा पिता पिता सहज म्हणाला, ‘नाम्या, तू थोरली मारली ती बघायला मिळाली न्हाय बग. पहाटं कशापायी गेलतास?’

मला काही कळेना. ‘कुणी सांगितलं?’

‘आत्यानं. तवाच. म्हनली, त्यानं काल पहाटं मारली, कुनी नसताना. मी बगितली. मंग म्या म्हनलं, आसंल. दोगंबी पास, आन त्याला शाळा पुडं हाय, तर त्याला दे.’

तेवढ्यात त्याची एस.टी. सुटायला लागली आणि तो धावला. मी ग्लास हातात धरून तिथंच उभा. मी कधीही, कुठल्याही पहाटे थोरली मारलेली नाही. खोटं बोललेली आत्या मी पाहिली नव्हती. जावयालाही न सोडणारी बाई होती ती. त्याच आठवड्यात मी तिला पत्र लिहिलं. आत्याला वाचता येत नव्हतं. जुने पोस्टमन दुकानावर टेकून सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायचे, तिचंही दाखवतील असं मी धरून चाललो. उत्तर आलं नाही. मग ते कार्ड आलं.

दहाव्याचं सगळं उरकल्यावर दत्तू आणि मी भरावावर जाऊन बसलो. खाली धाकलीवर दोन पोरी एकमेकींना धरून शिकत होत्या. आत्या दुकानातच, बसल्या जागी गेली होती. ते त्यानं सांगितलं. मग म्हणाला, ‘तुजं पत्र आलतं.’

‘पोस्टमननं वाचलं?’

‘त्यो म्हातारा कवाच रिटायर झाला. नवा सायकलवरनंच कागूद फेकून जातो. वरीसभर झालं, आत्याची पत्रं मीच वाचतो.’

मला खाली बघवेना आणि त्याच्याकडेही बघवेना. ‘सगळं वाचलंस?’

‘पार खालपतूर. मोठ्यानं. ती म्हनली व्हती मोठ्यानं वाच, कमी ऐकू यायचं.’

‘काय म्हणाली?’

‘पयल्या ओळीला म्हनली, ह्यो मला तुमी कवापास्नं म्हनाय लागला? मंग थोरलीचं आलं. मी थांबलो. ती म्हनली, पुडं वाच. संपल्यावर म्हनली, घडी घाल आन ठिव. म्या इचारलं, आत्या, खरं काय ह्यात? तर म्हनली, त्याला येत्या आयतवारी ये म्हनून लिव. दोगं मिळून बसा, मंग सांगते.’

‘मग?’

‘म्या लिवलं न्हाय.’ दत्तूनं एक खडा उचलून खाली टाकला. ‘राग आलता, नाम्या. लई. तुजा का तिचा, ते मला बी म्हाईत न्हाय. म्हनलं, लिवू चार दिसांनी. चार दिसांनी ती गेली. मंग कार्डच लिवावं लागलं.’

मी त्याची माफी मागायला तोंड उघडलं, पण नेमकी कशाची मागायची ते कळेना. त्या दिवसापासून मी रोज नवं कारण शोधतो. तिला वाटलं असेल, दत्तू कसाही तगेल, हा सायकलीशिवाय संपेल. की तिला सायकल धड परत आणणारा हवा होता? वाकडं चाक मी तिला कधी दिलं नाही, दत्तू मात्र दोनदा रिम वाकवून आला होता. की मी पडून पडून त्या वाटेवर टाकलेला मुरूम तिनं धरला? की दत्तू दुकानात हवा होता म्हणून? हे शेवटचं मनात आलं की मला माझीच लाज वाटते... पण येतं. दत्तूला विचारलं तर म्हणाला, ‘मी बी हेच हुडकतोय. तुला घावलं तर सांग.’

निघताना त्यानं माझं पत्र मला परत दिलं. म्हणाला, तूच ठिव, माज्यानं फाडवत न्हाय. ते खाली देतो आहे. आत्याला लिहिलेलं ते माझं शेवटचं पत्र.

सोलापूर

ती. अनसाआत्या यांस,
नामदेवचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावत जा.

पत्रास कारण की, परवा दत्तू भेटला. तो म्हणाला, मी थोरली मारली आणि तुम्ही ती पाहिली. आत्या, मी थोरली कधीच मारलेली नाही. तुम्हालाही ते माहीत आहे. मग तुम्ही तसं का सांगितलंत? मला झोप लागत नाही. मी शिकलो, नोकरीला लागलो, आई आता रोजानं जात नाही. हे सगळं त्या सायकलीमुळे झालं, आणि सायकल दत्तूची होती असं आता वाटतं. तुम्ही चुकलात असं लिहायला हात धजत नाही. बरोबर केलंत असंही लिहिता येत नाही. तुमच्याशिवाय हे मला कोण सांगणार?

सुट्टी मिळाली की येतो. थोरली मारून बघतो. पडलो तर मुरूम टाकीन.

एक हात जोडून विनंती आहे. हे पत्र पोस्टमनकाकांकडूनच वाचून घ्या. दत्तूला यातलं एक अक्षरही कळू देऊ नका. त्याला फार लागेल.

तुमचा,
नामदेव