तळमजल्यावरच्या लॅपटॉपची साफसफाई

आमच्या इमारतीत कुणी नवा लॅपटॉप घेतला की तो आधी माझ्याकडे येतो. मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात बावीस वर्षं काढली आहेत आणि नव्या यंत्रात कंपन्यांनी आधीच भरून ठेवलेला कचरा पाहिला की माझं डोकं फिरतं. महिनाभर फुकट आणि नंतर रोज भीती घालणारा अँटीव्हायरस, कुणी न मागितलेले पत्त्यांचे खेळ, खरेदीची दुकानं, हवामान सांगणारी पाटी. घर आपलं आणि बिऱ्हाडं यांची. मी एकेकाला शोधून हाकलतो. हाकलताना मोठमोठ्याने बोलतो, कारण शेजारी कुणीतरी बघत बसलेलं असतं आणि ते मला आवडतं. हे आधीच कबूल केलेलं बरं.

ठाकुर्लीत आमची इमारत उभी आहे ती जमीन तळमजल्यावरच्या आगरी कुटुंबाची. पूर्वी तिथे त्यांची भातशेती होती. बिल्डरने बदल्यात त्यांना चार फ्लॅट दिले. आम्ही वरच्या मजल्यांवरचे नोकरदार लोक त्यांच्याशी तोंडावर गोड बोलायचो आणि लिफ्टचं दार बंद झालं की त्यांच्या गाड्यांवरून, लग्नातल्या डीजेवरून नाकं मुरडायचो. मीही मुरडायचो. त्यांच्या घरातल्या मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरात भारीतला लॅपटॉप आला, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "आता त्यावर सिनेमे बघत बसतील." असं मी खरंच म्हटलं होतं.

लॅपटॉप माझ्याकडे यायला महिना लागला, कारण मध्ये त्या मुलीच्या चुलतभावाचं लग्न झालं. एका रविवारी सकाळी ती तो घेऊन वर आली. सोबत तिची आजीही होती. आजी धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गातात आणि ते गाणारी ती धवलारीण. लग्नात तिला मोठा मान असतो. पुस्तक नाही, वही नाही, सगळं पाठ. आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणी यायची. मला हे इतपतच माहीत होतं, आणि मी त्याला 'ती गाणीबिणी' म्हणायचो.

"काका, खूप स्लो झालाय. सारखं काय काय उघडतं," मुलगी म्हणाली.

मी चष्मा चढवला आणि सुरू झालो. "हे बघ, हे कशाला हवंय? आणि हे? फुकटे भाडेकरू सगळे." आजी सोफ्यावर पदर सावरून बसली होती आणि प्रत्येक वेळी मान डोलवत होती. मला चेव चढला.

"काका, त्यातल्या एका ॲपमध्ये माझं—"

"तुझं काही नाही यात. सगळं कंपनीने कोंबलेलं आहे."

तिने पुन्हा तोंड उघडलं. मी हात वर केला, ऑफिसात नव्या पोरांना गप्प करायला करतो तसा. आजीही तिला म्हणाली, "र्‍हाव दे ग. त्याला समजतं."

फोनमधले फोटो आणि व्हिडिओ लॅपटॉपवर आणून ठेवणारं एक ॲप होतं. तेही कंपनीनेच घातलेलं. ते काढताना त्याने विचारलं, यात साठवलेल्या फायलीही काढायच्या का? मी हो केलं. वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण झाडायचं तर कोपऱ्यासकट, ही माझी पद्धत. शेवटी मी माझ्या पेन ड्राइव्हवरचा एक प्रोग्राम चालवला. तो पुसलेल्याचा मागमूसही ठेवत नाही. वीस मिनिटांत लॅपटॉप पळायला लागला. आजीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून तांदळाच्या गरम भाकऱ्या आल्या आणि आम्ही त्या मिटक्या मारत खाल्ल्या.

मंगळवारी संध्याकाळी मुलगी दारात उभी. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, आजीचे धवले कुठे गेले?"

भावाच्या लग्नात तिने आजीचे सगळे धवले फोनवर रेकॉर्ड केले होते. हळदीचे, मांडवाचे, पाठवणीचे, दोन दिवसांत गायलेले सगळे. कॉलेजला गेल्यावर ते नीट लिहून काढायचे, असं तिने आणि आजीने ठरवलं होतं. फोन भरला, म्हणून तिने ते त्या ॲपमध्ये टाकले आणि फोनमधून काढले. ती बोलत असताना मला कळत होतं, रविवारी मी तिच्या तोंडातच अडवलं ते हेच वाक्य.

आणि मी म्हणालो, "अपडेट आलं असेल गं. अपडेटमध्ये जातं कधी कधी असं. तू दुसरीकडे कॉपी नव्हती ठेवलीस?"

तो शेवटचा प्रश्न मी का विचारला, ते मला पक्कं ठाऊक आहे. चूक कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती आणि समोर अठरा वर्षांची मुलगी होती.

"नाही ठेवली," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

लॅपटॉप मी ठेवून घेतला. गेलेलं परत आणणारे होते नव्हते ते सगळे प्रोग्राम चालवले. रजा टाकून ठाण्याला याच कामातल्या एका ओळखीच्या माणसाकडे गेलो. त्याने विचारलं, "इतकं स्वच्छ कुणी पुसलं?" मी लॅपटॉप उचलून पिशवीत घातला.

मग मी तळमजल्यावर गेलो. म्हटलं, चांगला माईक आणतो, आजींनी इथेच बसून पुन्हा गावं, हवे तेवढे दिवस घेऊ.

"लगीन नाय, हळद नाय, मांडव नाय. मंग धवला कोनाचा गाव?" ती म्हणाली. "देवांना आवतन देतो आमी त्यात. आवतन देवून बसवू कुठं?"

ते आमंत्रण होतं, आणि आमंत्रण उगाच देत नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या जमिनीवर राहून हे मी कधी विचारलं नव्हतं. मी खाली मान घालून बसलो तर तिलाच माझी दया आली. "तू कशाला तोंड पाडतस? पोरीच्या हातून झाला, जाव दे. पुढच्या लग्नात घेल ती परत."

तिथे सांगायला हवं होतं. चहा आला, मी तो प्यायलो आणि वर आलो.

पुढचं लग्न दीड वर्षाने निघालं, कळव्याला, त्यांच्या नात्यात. मला आग्रहाचं आमंत्रण होतं. मधल्या काळात आजीला दम्याने घेरलं होतं. मांडवात तिला खुर्ची दिली होती आणि धवले तिची भाची गात होती. भाचीला निम्मेच येत होते. ती अडली की आजी हात वर करायची, दोन शब्द म्हणायची आणि खोकल्याची उबळ यायची. मग भाची पुढचं सोडून तिसरंच कडवं धरायची. मुलगी समोर फोन धरून उभी होती. आजीचा खोकलासुद्धा तिने रेकॉर्ड केला. मला तिथे बसवेना, पण उठून जाण्याचीही लाज वाटली.

त्यानंतरच्या रविवारी ती वर आली आणि तिने माझ्यापुढे एक पेन ड्राइव्ह धरला.

"काका, एवढे तरी मिळालेत. हे तुमच्याकडे ठेवाल? माझ्या हातून परत जायला नको. आजी म्हणाली, काकांकडेच दे, नीट राहील."

मी तो घेतला आणि "ठेवतो" म्हणालो. तिने थँक्यू म्हटलं.