तुरटी फिरवलेला हंडा
न्हाव्यानं दाढीनंतर तुरटी फिरवली, की गाल झोंबतो आणि दुष्काळातला तो हंडा आठवतो. दूध संघाच्या टँकरनं आणलेलं पाणी गढूळ होतं आणि घरात माझी तान्ही लेक जुलाबानं मलूल पडली होती. रेती लगेच तळाला गेली, मैद्यासारखी बारीक माती मात्र पाण्याच्या न दिसणाऱ्या धक्क्यांवर नाचतच राहिली. माझ्या आईनं हंड्यात तुरटी फिरवली, तरी मी सारखा हंडा तिरका करून बघत होतो. "आरं, हलवू नगंस! माती आत्ता कुटं गोळा होऊन जड व्हाय लागलीय, तुज्या हातानं पुन्ना फुटंल." मी हात मागे बांधून उभा राहिलो, आत लेकीचं रडणं क्षीण होत चाललं होतं. शेवटी पाणी निवळलं, उकळलं, लेकीनं चमच्यानं घेतलं. आता तिच्या घरी फिल्टर आहे, तरी तिनं दिलेला पेला मी आधी उजेडात धरतो.