डागावरचे धागे

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीच शिकले मी.

शेजारचे सर रोज गच्चीवर खास दुर्बिणीतून सूर्य बघतात. त्याआधी गच्चीवर पाणी मारतात. तापल्या हवेनं चित्र थरथरतं म्हणे. मलाही दाखवलं एकदा. काळा डाग, त्याच्यावर केसासारखे बारीक धागे.

"डागावरची हवा हाय ती, हवा." प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची त्यांची सवय.

परवा मी गच्चीभर कुरडया घातल्या होत्या. सरांनी भरलेली बादली उचलली अन् परत ठेवली.

"मारा ना सर पाणी, मी कुरडया उचलते."

"ओल्या हायत, मोडतील. राहू द्या, राहू द्या."

दिवसभर त्यांना धागे दिसले नाहीत.

काल गच्ची मोकळी होती, पण सूर्य स्वतःभोवती फिरून डाग पलीकडं गेला होता. डाग दिसायचा परवाचा दिवस शेवटचा होता, हे सरांनी सांगितलंच नव्हतं. दुर्बीण पुसत एवढंच विचारलं, "वाळल्या का कुरडया, वाळल्या का?"