तळ्याकाठच्या आळीचं पान

उमेळमान मागे पडलं तेव्हा प्रिस्काने पिशवीचा बंद उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

"मावशी, आता गेली ती रिक्षा रिकामी होती."

"जाऊ दे."

"तिच्यामागून अजून एक येतेय."

"तीपण जाऊ दे. खड्डे बघितलेस का? आत ताटली फिरते, बाय. एक हादरा बसला की कारभार आटोपला."

"मशीन बंद आहे. बंद मशीनमध्ये काय फिरतंय?"

क्लेमेंटीन खड्डा चुकवून पुढे झाली. भाजीच्या नायलॉनच्या पिशवीत, जुन्या चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा दोघींच्या मधोमध लोंबकळत होता. सांडोरहून नायगावपर्यंत तो हातात धरूनच न्यायचा, हे तिने आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. प्रिस्का पलीकडच्या आळीतली, पॅरिशच्या मासिकात अधूनमधून लिहिणारी. डबा एकटीला उचलवेना, म्हणून क्लेमेंटीनने तिला हाक मारली होती.

चालताना क्लेमेंटीनचे ओठ हलत होते. प्रिस्काला वाटलं, मावशी रोजरी म्हणतेय. पण क्लेमेंटीन नावं आठवत होती.

क्लेमेंटीनने पापडीच्या छापखान्यात पंचवीस वर्षं टायपिंग केलं. लग्नपत्रिका, नोव्हेनाच्या प्रार्थनांची पुस्तकं, मयताची कार्डं, सगळी तिच्या बोटांखालून गेली. छापखाना बंद झाला तेव्हा तिने स्वतःचा कॉम्प्युटर घेतला, छापखान्यातलीच अक्षरं त्यात भरून घेतली आणि गावातल्या मेलेल्यांची यादी करायला बसली. चर्चच्या वहीत इथे पुरलेल्यांचीच नावं असतात. कुवेतला गेला आणि तिथेच गेला, मुंबईच्या इस्पितळात मेली आणि तिकडेच पुरली, अशांना वहीत जागा नाही. क्लेमेंटीनच्या यादीत ते सगळे होते, आळीप्रमाणे, घरोघरचे. नाव, तारीख आणि खाली गावाने ठेवलेलं नाव. कुणाच्या मरणाची तारीख जवळ आली की ती त्या घरी निरोप धाडायची, 'परवा तुमच्या आईचा दिवस, चर्चमध्ये मिस्सा सांगा.' आणि नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर तिची यादी वाचायचे. जे दूर पुरले गेले त्यांचं नाव वर्षातून तेवढं एकदाच गावात उच्चारलं जायचं.

आज बुधवार. रविवारी मृतांचा दिवस.

गेले काही महिने जो तो कॉम्प्युटरच्या नव्या सिस्टीमबद्दल बोलत होता. जुनीची मुदत ऑक्टोबरात संपते, मग बँकेचं काम होणार नाही, असं एक म्हणे. नवी फायली खाते, असं दुसरा म्हणे. गावातल्या गॉडफ्रेच्या बायकोने तर ती घरातलं बोलणं ऐकते असं ऐकलं होतं. शेवटी स्टेशनजवळच्या दुकानदाराने क्लेमेंटीनचं मशीन साफ करून त्यात नवी सिस्टीम घालून दिली. "तुमच्या फायली जशाच्या तशा आहेत, आंटी," तो म्हणाला. शनिवारी क्लेमेंटीनने यादी उघडली, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिखल. कुणाच्या डोक्यावर टिंब, कुणाला खालून शेपूट. एकही माणूस ओळखू येईना.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चबाहेर ती ज्याला त्याला सांगत होती, "नव्या सिस्टीमने आपली सगळी माणसं खाल्ली. कुणी घालू नका." शेजारची इनेझ ऑफिसचं काम घरून करते, तिने त्या दिवसापासून लॅपटॉप उघडला नव्हता.

नायगावला जितेंद्र सर राहत होते, नव्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. पूर्वी एका वर्तमानपत्रात पानं लावायचे आणि छापखान्यात कामासाठी यायचे. फोनवर ते म्हणाले होते, "फाईल नुसती पाठवा." पण हात लावला तर उरलंसुरलंही जाईल, या धाकाने क्लेमेंटीनने डबाच उचलला होता.

सरांच्या बायकोने, मनोरमाबाईंनी, पाणी दिलं. सरांनी वायरी जोडल्या. पडदा उजळला. क्लेमेंटीनने गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

सरांनी चिखल पाहिला आणि चक्क हसले. "बाई, कुणीही काही खाल्लेलं नाही. तुमच्या छापखान्याची अक्षरं, म्हणजे फॉन्ट, यात नाहीत, बस. दुकानदाराने साफ करताना तीही गेली. अक्षरं नसली की मराठी असंच दिसतं. आम्ही जन्मभर हेच बघितलं."

"म्हणजे नावं आहेत?"

"बसा तर खरं."

कपाटातल्या सीडीच्या चकत्यांमधून त्यांनी त्या अक्षरांची एक काढली. पाच-सात मिनिटं गेली. मग त्यांनी यादी उघडली आणि पहिली ओळ सरळ, काळीभोर मराठीत उभी राहिली. क्लेमेंटीनच्या डोळ्यांपुढे धूसर झालं. तिने पदराने डोळे पुसले आणि एकेक आळी खाली सरकवू लागली. बर्नार्ड, गावात 'आगबोट'. त्याच्याखाली त्याची बहीण. सगळे होते.

"बघा मावशी," प्रिस्का म्हणाली, "आणि तुम्ही साऱ्या गावाला—"

ती थांबली. मावशीचा हात माऊसवर थिजला होता. वर 'तळ्याकाठची आळी' असं शीर्षक होतं आणि खाली पांढरं पान.

"सर, हे कुठे गेलं?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "रविवारी दुपारी पान पुसून सेव्ह केलंय. कुणी उघडलं होतं का?"

क्लेमेंटीनला तेवढं पुरलं. रविवारी जेवण झाल्यावर ती यादीसमोर बसली होती. तांदळातला कचरा वरवर काढला की खाली दाणा दिसतो, तसं हा चिखल काढला की खाली नावं दिसतील असं तिला वाटलं. एका पानावर करून बघू म्हणून तिने पुसलं. खाली काहीच नव्हतं. तिने घाईने फाईल बंद केली. मशीनने काहीतरी विचारलं, तिने 'हो' दाबलं आणि बटण बंद केलं. तो चिखल म्हणजेच माणसं होती.

"दुसरीकडे कॉपी असेल ना? पेन ड्राइव्हवर?"

"होती. तिच्यावर नातीच्या बाप्तिस्म्याचे फोटो भरले. आणि फादरांचा छापील कागद दर वर्षी वाचून झाला की रद्दीत जातो."

सरांनी बराच वेळ खटपट केली, मग खुर्ची मागे सारली. "जुन्या पानाच्या जागीच कोरं पान लिहिलं गेलं, बाई. बाकी सगळं सुखरूप आहे, एवढं समजा."

"आमची आळी," प्रिस्का हळू आवाजात म्हणाली.

"हो गं. तुझे पप्पापण." प्रिस्काचे वडील बोटीवर गेले होते, परक्या बंदरात पुरलेले. क्लेमेंटीनने डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली. तुझे पप्पा, इनास, कार्मिनबाय, दोघे भाऊ विहिरीजवळचे. अकरा नावं सरसर आली. मग अडलं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा अकरावरच अडलं. ज्यांच्या घरात माणूस उरलंय त्यांचं कुणीतरी सांगेल. ज्यांच्या दाराला कुलूप आहे त्यांचं कोण सांगणार? रविवारी फादर वाचतील, आणि एखादं नाव वगळलं गेलं हे कुणाला कळणारही नाही.

मनोरमाबाईंनी चहा पुढे ठेवला. तो तसाच राहिला.

"मावशी, लोक सिस्टीमलाच बोल लावतायत," प्रिस्का म्हणाली. "राहू द्या तसंच. नावं गोळा करू आपण."

"सिस्टीमने गेली म्हटलं तर लोक हळहळतील आणि घरी बसतील. मी पुसली म्हटलं तर भांडायला का होईना, माझ्या दारात येतील." क्लेमेंटीनने मान हलवली. "फोन काढ. गावच्या ग्रुपवर तू लिही, मी सांगते. तळ्याकाठच्या आळीतली माणसं क्लेमेंटीनने स्वतःच्या हाताने पुसली, हे पहिल्या ओळीत घाल. ज्याला जे नाव आठवेल, शेजाऱ्याचं असो की बंद घरातल्याचं, ते शनिवारपर्यंत मला येऊन सांगा, हे दुसऱ्या ओळीत. आणि तू चांगलं लिहितेस, मला ठाऊक आहे. पण मला सांभाळून घेऊ नकोस, एवढं ऐक माझं."