पेवात सोडलेला दिवा

कापसाला सोन्याचा भाव आला आणि अकोल्याकडच्या लोकांनी ज्वारी पेरणंच सोडलं. खुशालराव त्यातलाच एक शहाणा! चौथ्या वर्षी घरात दाणा उरला नाही, तेव्हा त्याने अंगणातलं जमिनीखालचं जुनं पेव उघडलं आणि ज्वारी काढायला लगेच दोर धरून उतरू लागला.

भाजी विकायला आलेली माणिकबाई माळीण ओरडली, "काहून उतरून राहिले पाटील? आधी दिवा सोडा अंदर!"

बाईने अक्कल शिकवली म्हणून तो भडकला. तिचं तोंड बंद करायला त्याने टोपलीत दिवा ठेवून आत सोडला. पुरुषभर खोल जाताच तो विझला. वारा नव्हता. पुन्हा लावला, पुन्हा विझला. खुशालरावाने उतरायचा दोर बाजूला टाकला. आतल्या कोंडल्या हवेत दिवा जगत नव्हता, तिथे माणूस काय जगणार?

पुढे सगळा मुलूख कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला धावत होता, आणि खुशालराव दिवा घेऊन गावोगाव, जिथे पेव उघडणार तिथे. लोक वेडा म्हणत.

दहा वर्षांनी त्याने माणिकबाईला विचारलं, "तुले हे कोनं सांगितलं होतं?"

"कोनीच नाई. माहा मालक पेवात उतरला, तवा दोर माह्याच हातात होता."