करपलेली भाकरी

आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्याच आता आज्या, धरणाकाठी तंबूत दोन दिवस राहायला गेलो होतो. आईपणाचा सोहळा म्हणे! दुपारी तिथल्या बाईंनी चुलीवरच्या भाकरी आणून ठेवल्या. चार टम्म फुगलेल्या, एक करपलेली. आणि काय सांगू, पाचही हात त्या करपलेलीवरच!

"मला दे गं, मला करपलेलीच आवडते," कुसुम म्हणाली.

"चल, खोटारडे! मी खाते," शालन तिच्या हातातून ओढायला लागली.

शिसारी आली बघा मला. इथं मुलं नाहीत, नवरे नाहीत, मग चांगल्या चार ठेवायच्या तरी कुणासाठी? याला आपण माया म्हणत आलो. माया कसली, शेगडीमागच्या तेलकट चिकट्यासारखी खोड ती, घासली तरी निघत नाही. माझाही हात त्यात होता, याची तर जास्तच किळस आली.

मी ती भाकरी उचलली आणि तंबूपाशी बसलेल्या कुत्र्यापुढे टाकली. त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं.

मग कुसुमनंच फुगलेली भाकरी मोडली. वाफेनं तिचं बोट भाजलं.

"चाळीस वर्षं खोटं बोलले गं," ती हळूच म्हणाली. "मला करपलेली कधीच आवडली नाही."